ओळ दोनशे सतरा

१३ मे १९९८

नवी वही आहे, म्हणून ओळख लिहून ठेवतो. मी पारस, वय एकोणतीस. जुन्नरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. बाजारपेठेत आमचं धान्याचं दुकान आहे आणि मी गादीवर बसत नाही, हे माझ्या वडिलांचं, बाऊजींचं, एकमेव दुःख आहे.

आज मुंबईहून माळशेजच्या एसटीने आलो. मांडीवर भाताच्या बियांच्या तीन पुरचुंड्या होत्या. त्यांच्यावर मुंबईत किरणं सोडून घेतली आहेत, प्रत्येकीवर वेगळ्या मात्रेची. गाडीत पोखरणच्या स्फोटांशिवाय दुसरा विषय नव्हता. कंडक्टर म्हणाला, "काय मास्तर, लेकरावानी काय जपताय येवढं?" बियांत किरणं राहत नाहीत, त्यांच्यापासून काडीचा धोका नाही, पण आजच्या दिवशी त्या गाडीला हे कोण पटवणार? "देवाचा प्रसाद आहे," म्हणालो आणि डोळे मिटून घेतले.

घाटात झोप लागली. स्वप्नात प्रत्येक दाण्याच्या पोटात एक लांबच लांब पत्र होतं. बारीक अक्षर, ओळीमागून ओळी, रोप कसं व्हायचं ते सगळं त्यात लिहिलेलं. वर्गात मी मुलांना जनुकं अशीच शिकवतो, त्यामुळे स्वप्नात नवं काही नव्हतं. पण त्या पत्राला वास होता.

किरणं आंधळी असतात. कुठलं अक्षर पुसलं जाईल ते आपल्या हातात नसतं. मला या भाताचं, भिमसाळीचं, फक्त उंचीचं अक्षर पुसून हवंय, वासाच्या अक्षराला धक्का न लावता.

१५ मे

बाऊजींना दाणे दाखवले. त्यांनी त्यातले थोडे सोलून तळहातावर घेतले, मूठ झाकली, मुठीत तोंडाने ऊन वाफ सोडली आणि नाकाशी नेली. तांदूळ ते असाच ओळखतात. डोळे मिटून म्हणाले, "भिमसाळ. माझ्या लहानपणी भीमाशंकरच्या बाजूने हिच्या गाड्या यायच्या, तेव्हा आख्ख्या पेठेला कळायचं."

आता येत नाहीत. भिमसाळ छातीइतकी वाढते आणि ऐन दाणा भरताना वारा सुटला की चिखलात आडवी होते. लोकांनी ती पेरायचंच सोडलं. तळेघरच्या अलीकडे सारजाबाई म्हणून एक बाई आहे, तिच्याकडे बी मिळालं. तिचीच वरची तीन खाचरं मी प्रकल्पासाठी घेतली आहेत. खालचं खाचर ती स्वतः करते.

६ जून

माडीवर बशीत शंभर दाणे भिजत घातले होते. एकावन्न उगवले नाहीत. साधारण निम्मे मरतात ती मात्रा योग्य, असं शास्त्र सांगतं. मी आनंदाने ओरडलो. आई जिन्यात उभी होती. म्हणाली, "निम्मे मेले म्हणून नाचतोस?"

चातुर्मासात भाजी चिरतानाही जिचा हात अडखळतो, तिला काय सांगणार? मी काहीबाही पुटपुटलो.

११ जून

आई चार दिवस त्या मेलेल्या दाण्यांना गुपचूप पाणी घालत होती. आज त्यातला एक उगवला.

१० जुलै

सारजाबाईला कागद वाचून दाखवला आणि अंगठा घेतला. "या शेतातलं एकही रोप, एकही दाणा परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही." नियमच आहे तसा, पण मीही जरा जास्तच खड्या आवाजात वाचला. ती म्हणाली, "सरकारचं हाय म्हना की."

"हो, सरकारचंच समजा."

"मंग लई संबाळाया पायजे, पारसशेट."

पन्नाशीची, काटक बाई. माहेर डिंभ्याच्या धरणात गेलं. आवणीला, म्हणजे रोपं खाचरात लावताना, तिचा हात बघत राहावं. चिखलात वाकलेली ती आणि तिच्या चार बाया, मागे हिरवी ओळ उमटत जाते, आणि धुकं इतकं खाली की बाया दिसत नाहीत, नुसता पाण्यात हात घातल्याचा आवाज येतो. मी बांधावर छत्री घेऊन उभा होतो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो असाच दिसत असणार.

१७ जुलै

आवणी संपली. उरलेली मूठभर रोपं सारजाबाईने फेकली नाहीत. माझ्या खाचराच्या कोपऱ्यात दाटीने टोचून ठेवली. कुठं रोप मेलं, नांगा पडला, तर तिथून उचलून लावायची. म्हणाली, "उपाटल्यालं रोप टाकू नाय. त्याला पुन्यांदा पाय टेकाया जागा द्यावी." गंमत वाटली म्हणून लिहून ठेवतो.

९ नोव्हेंबर

कापणी झाली. पहिल्या पिढीत सगळं नेहमीसारखंच दिसतं, बदल दुसऱ्या पिढीत बाहेर पडतो. चारशे बारा लोंब्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधल्या. पुडीला कागद दुकानातला, दोरा दुकानातला तांबडा. बाऊजी म्हणाले, "शेवटी पुड्याच बांधायच्या होत्या तर गादीवर काय वाईट होतं?"

२ जुलै १९९९

सापडलं!

प्रत्येक लोंबीची एक ओळ, अशा चारशे बारा ओळी रोपवाटिकेत पेरल्या होत्या. आज एकेक बघत गेलो. दोनशे सतराव्या ओळीत वीस रोपं आहेत. पंधरा नेहमीसारखी उंच, फिकट. पाच बुटकी. खुरटलेली नव्हेत, बुटकी! गडद हिरवी, बुडखा जाड, पाय रोवून उभी. चारांत एक, अगदी पुस्तकात असतं तसं. उंचीचं अक्षर पुसलं गेलंय.

खिशात पुडीचा तांबडा दोरा होता. पाचही रोपांना बांधला. सारजाबाई लांबून बघत होती. "काय वो शेट?" मी म्हणालो, "काही नाही. ओळीने लावा, एवढंच." कुणाला सांगितलं नाही. दृष्ट लागते असं मी मानत नाही, पण सांगितलं नाही खरं.

परतताना घोडेगावपर्यंत एसटीच्या काचेवर पाणी ओघळत होतं आणि त्या प्रत्येक ओघळात मला बुटकी भिमसाळ दिसत होती. मैलच्या मैल, कमरेइतकी, वाऱ्यात नुसती मान हलवणारी. मला दोन वर्षांत इतकं सुख झालेलं नाही.

३ जुलै

कॉलेजने ॲडमिशनच्या कमिटीवर टाकलं. आठ दिवस हलता येणार नाही. सारजाबाई आहे तिथं, काळजी नाही.

१२ जुलै

सगळं संपलं.

गेलो तर आवणी उरकलेली. ओळी अशा की दोरीने आखाव्यात, कुठं एक नांगा नाही. दोनशे सतरावर गेलो. वीस रोपं, वीसच्या वीस उंच. माझी पाच नाहीत. त्यांच्या जागी दुसऱ्या ओळींतली धडधाकट रोपं लावलेली.

मी ओरडलो. चार बायांसमोर, बांधावरून. "अडाणी बाई! काय केलंत हे? अक्कल गहाण टाकली होती का? दोन वर्षं मातीत घातलीत माझी!"

ती चिखलात तशीच उभी राहिली. म्हणाली, "शेट, खूण केल्याली व्हती म्हनून काढली. आमच्याकडं सायबानं तांबडी खूण केली म्हंजी त्ये जायाचं. जंगलात झाडाला केली, झाड गेलं. धरनाच्या टायमाला माज्या म्हायेरच्या भिताडाला केली, घर गेलं."

धरणाचा इथं काय संबंध? मी म्हणालो, "आणि टाकली कुठं?"

"टाकंन कशी? त्या तिकडं माज्या…" ती खालच्या खाचराकडे हात करून काही सांगत होती. मला उकिरडा बघायची हौस नव्हती. मी वळलो. मागून एवढंच ऐकू आलं, "माज्या हाताला आजपातूर कुनी नाव न्हाई ठिवलं."

उद्यापासून येऊ नका, असा निरोप पाठवला आहे.

३० जुलै

खुरपणीला दुसऱ्या वाडीच्या बाया आणल्या. त्या खूप बोलतात आणि ओळी तुडवतात.

सारजाबाई खाली तिच्या खाचरात काम करते, वर बघत नाही. आज मात्र एका बाईकडून सांगावा आला, की शेटला म्हणावं एकदा खाली येऊन जा, एक चीज बघाया. तिच्या चिजा बघायला मला वेळ नाही, असं सांगितलं. सांगितल्यावर उगाच वाईट वाटलं.

१४ सप्टेंबर

काल संवत्सरी झाली. वर्षभरात ज्याचं ज्याचं मन दुखावलं त्याची क्षमा मागायची. दिवसभर पेठेत फिरून हात जोडले. ज्यांचं मी काही बिघडवलेलं नाही अशा दीडशे लोकांची क्षमा मागितली. ते सोपं असतं.

रात्री आईने एवढंच विचारलं, "झाले सगळे?" मी हो म्हणालो. आमच्या घरात कांदा येत नाही, पण नाकाने कांदे सोलायची सवय मला कुठून लागली कोण जाणे. त्या बाईपुढे जाऊन उभं राहायचं धैर्य होत नाही. ती काही बोलणार नाही, नुसती बघेल, आणि तेच नको वाटतं.

मग सुचलं. बाऊजींनी दरवर्षीप्रमाणे क्षमापनेची कार्डं छापून घेतली आहेत. त्यातलं एक घेतलं. त्यातला "वाचेने" हा शब्द तांबड्या शाईने अधोरेखित केला, म्हणजे तिला कळेल की मला त्या दिवसाचं बोलणं लागलंय. पत्ता घातला, पेटीत टाकलं. हलकं वाटलं.

आता लिहिताना लक्षात येतंय, तिला वाचता येत नाही. असो, कुणीतरी वाचून दाखवेल.

१७ ऑक्टोबर

काल दुपारी वादळ झालं. आज गेलो. चारशे बारा ओळी आडव्या. सगळं शेत एका कुशीवर झोपल्यासारखं, आणि त्या झोपेतूनही भिमसाळीचा वास येतोय, ओला, गोड. मी बांधावर बसलो आणि रडलो. तिथं कुणी नव्हतं.

फक्त खाली सारजाबाईच्या खाचराच्या कोपऱ्यात एक चिमुकला हिरवा ठिपका ताठ उभा होता. कुठलं तरी संकरित बी मिळवून लावलं असेल तिने. नशीब एकेकाचं.

२८ डिसेंबर

अहवाल लिहिला. "उपयुक्त बदल आढळला नाही." चार शब्दांत दोन वर्षं बसली तर.

खोटं लिहिलं का? आढळला होता की. दहा दिवस आढळला होता.

१९ जानेवारी २०००

कॉलेज सुटल्यावर गादीवर बसतो. बाऊजी खुश आहेत आणि ते लपवायचा प्रयत्न करतात, ते बघून मलाही बरं वाटतं.

पुण्याच्या ग्रंथालयातून एका लेखाची झेरॉक्स आणली. परदेशात कुणी मक्याच्या पेशीत नेमकं एक अक्षर बदललं. पुसलं नाही, बदललं, हवं तिथं, हवं ते. अजून हजारदा करून एकदा जमतं, पण जमतं. पोत्यांना टेकून तो लेख तीनदा वाचला. बाहेर टांगे, मोटरसायकली, आणि मला मात्र एक म्हातारी दिसत होती, उन्हात बसून बारीक सुईने एका दाण्यातला एकच टाका उसवणारी. असा दिवस येईल. तेव्हा निम्मे दाणे मारावे लागणार नाहीत. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग तेव्हा नाच."

माझी पाच रोपं मात्र सुईने कुणी परत आणणार नाही.

४ सप्टेंबर

यंदाची संवत्सरी झाली. आईने पुन्हा विचारलं, "झाले सगळे?" या वेळी नाही म्हणालो. पण गेलोही नाही.

८ डिसेंबर २०००

आजचं सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

दुपारी तीनच्या सुमारास दुकानाच्या पायरीशी सारजाबाई उभी होती. डोक्यावर पिशवी, आठ-दहा किलोंची असेल. मी उठलो तर तिने माझ्याकडे बघितलंच नाही. बाऊजींना म्हणाली, "मोठं शेट, ह्ये तुमच्या लेकाचं. एक दाना खाल्ला न्हाई. ह्ये येवढं उखळात सडलंय त्ये बघन्यापुरतं." आणि पदराची गाठ सोडून मूठभर तांदूळ त्यांच्या हातावर ठेवला.

बाऊजींनी मूठ झाकली, वाफ सोडली, नाकाशी नेली. बराच वेळ डोळे उघडले नाहीत. मग म्हणाले, "भिमसाळ."

"व्हय. पन ही पडत न्हाई." तिने कमरेला हात लावला. "हितवर येती. गेल्या साली वादाळ झालं, यंदा बी झालं. हालली न्हाई."

मी पोत्यावर बसलो. विचारलं, "कुठून आणलीत?"

आता तिने माझ्याकडे बघितलं. "तुमीच दोरं बांधल्याली पाच. टाकू नाय म्हनून माज्या कोपऱ्याला टोचली व्हती. सांगत व्हते तवा, तुमी ऐकून घेत नव्हता. सांगावा धाडला, तुमी आला न्हाई. कापल्यावं मूठभर निघालं. मूठभर परत करावं तर सरकार म्हनंल बाकीचं हिनं खाल्लं. म्हनून यंदा समदं पेरलं, वाढिवलं. आता ह्ये समदं हाय. मागं एक लोंबी ठिवली न्हाई."

"पण परत कुणी मागितलं होतं?"

ती गोंधळली. कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं, माझ्यासमोर धरलं. "ह्ये न्हवं का? पोस्टमन म्हनला, पारसशेटकडनं हाय. गावात कुनाला वाचाया दिलं न्हाई. सरकारचं रोप हिच्याकडं हाय म्हनून बोंब झाली आसती, चोरी म्हनलं आसतं. पन तांबडी खूण दिसली मला. म्हनलं, आता ह्ये बी जायाचं."

माझं कार्ड होतं. चौदा महिने तिने ते देवाजवळ ठेवलं होतं, त्यावर हळदीचा डाग होता. "वाचेने" खाली माझी रेघ.

"काय लिवलंय त्ये एकदा वाचून दावा," ती म्हणाली. "किती मागितलं व्हतं त्ये तरी कळू द्या. कमी आसलं तर पुडच्या साली देती."

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. मी कार्ड घेतलं आणि उभा राहिलो. बसून वाचायचा मजकूर नव्हता तो.

"गेल्या वर्षभरात कळत-नकळत," मी वाचलं, "मनाने, वाचेने किंवा कृतीने…" तिथं थांबलो. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "…वाचेने किंवा कृतीने आपलं मन दुखावलं असल्यास मी अंतःकरणापासून क्षमा मागतो." आणि हात जोडून वाकलो. तिच्या पायांना अजून खाचराची माती होती.

मग सारजाबाईने विचारलं, "आन पुडं?"

"पुढं काही नाही. एवढंच आहे."

"म्हंजी ह्यात न्यायचं कायच न्हाई?"

"नाही."

तिने पिशवीकडे बघितलं. सव्वा वर्ष त्या कागदाच्या धाकात तिने काढलं होतं, आणि मी इथं पोत्याला टेकून म्हातारीच्या सुईची स्वप्नं बघत होतो. मला वाटलं आता बोलेल, चार बायांसमोरचं सगळं परत करेल. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "मंग ह्यातलं मूठभर मी ठिवू का? बी धरीन. वास लई ग्वाड येतो."

बाऊजींनी उभ्या जन्मात दाणा तोलल्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ दिलेला नाही. ते गादीवरून उठले, आख्खी पिशवी तशीच, न तोलता, तिच्या बाजूला सरकवली. "सगळंच तुमचं आहे, बाई. आमच्या पोराला पेरायला लागेल तेवढं तुम्ही द्यायचं, तो मागायला येईल." आणि हातावर चिकटलेले चार दाणे तेवढे आईला दाखवायला आत घेऊन गेले.

तळेघरची गाडी साडेचारला होती. पिशवी मी स्टँडवर नेली, आणि गाडी सुटायला लागली तेव्हा खाली उतरणं जमेना, म्हणून तसाच बसून राहिलो. सारजाबाई खिडकीशी, शेजारी मी, पिशवी मांडीवर. घोडेगाव गेलं तेव्हा डोंगरांवर ऊन कलतं होतं. तिला मी दोरा का बांधला होता ते सांगितलं, अक्षरांचं सांगितलं, पत्राचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "ह्येच तवा सांगायचं व्हतं, राव."

कंडक्टर तिकिटं फाडत आला. पिशवीला हात लावून म्हणाला, "काय हाय ह्यात, पावनं?"

"भाताचं बी आहे," मी म्हणालो. "या बाईंचं."